फिल्मवर काहीच निघालं नाही

तातेरावांना माणसांची नावं आठवत नाहीत, हाडं आठवतात. कळमनुरीच्या बाजारात कोणी रामराम घातला की ते आधी त्याच्या मनगटाकडे नाहीतर घोट्याकडे बघतात आणि मग विचारतात, "बसलं का बराबर?" तीस वर्षं झाली, हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ते एक्स-रे काढतात. घर कळमनुरीत, नोकरी बसने जाऊन-येऊन. दवाखान्याचं नाव सांगण्यात काही हशील नाही. त्यांच्या निवृत्तीला अजून चार महिने आहेत, आणि सरकारी खात्यात शेवटच्या चार महिन्यांतच सगळ्या जुन्या गोष्टी वर येतात.

लोक त्यांना टेक्निशियन म्हणत नाहीत, फोटोवाले म्हणतात. नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुण्यात गेली. त्या औषधांनी नखं तपकिरी पडली ती पडलीच. आता संगणकावर चटकन चित्र येतं. ते त्यांना आवडत नाही असं नाही, पण कष्टाशिवाय आलेल्या वस्तूवर त्यांचा पटकन विश्वास बसत नाही. त्यांचा नियम एकच: एका दुखण्याला एकच फोटो. दुसऱ्यांदा किरण मारायची वेळ आली तर त्या दिवशी ते घरी धड जेवत नाहीत, आणि आशाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, न विचारता कारण कळतं.

या भागात फोटोचा एक अलिखित कायदा आहे. फोटो काढला म्हणजे काहीतरी निघालं पाहिजे. जीपमध्ये कोंबून, दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला सांगावं की बाबा रे, तुझं हाड साबूत आहे, तर तो खूश होईल असं शहाण्या माणसाला वाटेल. तसं होत नाही. त्याचं तोंड उतरतं. "काहीच निघालं न्हाई?" असं तो विचारतो ते खिसा कापला गेल्यासारखं. बरोबर आलेले नातेवाईक एकमेकांकडे बघायला लागतात. कारण आता गावात जाऊन सांगायचं काय? हाड मोडलेल्याला खाटेवर दूध मिळतं. न मोडलेल्याला टोमणे मिळतात. सासू म्हणते सोंग होतं, भाऊ म्हणतो कामाचा कंटाळा.

अशा माणसाला तातेराव ठरलेलं एक वाक्य सांगतात. "निघालं की. हाड मोडलं न्हाई, हे निघालं. ते काय कमी हाय?" अर्ध्या लोकांना ते पटतं. उरलेले अर्धे नांदेडला जाऊन दुसरा फोटो काढतात.

त्यांना मूल एकच, साधना. नांदेडला एम.एस्सी. झाली आणि पुढे संशोधनाला बंगळूरच्या एका संस्थेत गेली. लेक एक्स-रेचंच काम करते हे कळल्यावर तातेरावांना फार बरं वाटलं. बापाचा धंदा पोरीनं चालवला, असं ते दोन-चार जणांकडे बोललेही. मग तिने नीट समजावून सांगितलं तेव्हा कळलं की धंदा तोच, पण उलटा. ती किरण मारत नाही, आलेले किरण धरते. ते येतात ताऱ्यांकडून, वाटेत हवेत अडकतात आणि जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून यंत्र आभाळाच्याही वर पाठवावं लागतं. किती किरण आले आणि किती जोराचे आले, हे जग साठ वर्षांपासून मोजत आलंय. साधनाच्या लोकांना तिसरी गोष्ट हवी होती. किरण म्हणजे लाट, तर ती लाट हलते कोणत्या अंगाने? उभी, आडवी की तिरकी? ताऱ्याजवळचं चुंबकत्व कसं पसरलंय, तिथली जागा कशी आहे, हे त्या हलण्यावरून कळतं. याला ध्रुवीकरण म्हणतात. वर्तमानपत्रात येतं ते नव्हे.

मोजायची रीत ऐकून तर तातेराव हसलेच होते. एका हलक्या धातूच्या ठोकळ्यावर किरण आदळू द्यायचे आणि ते विखरून कोणत्या बाजूला जास्त उडतात ते चारी बाजूंनी मोजायचं. दवाखान्यात असे विखुरलेले किरण म्हणजे निव्वळ पीडा. त्यांच्यामुळे फोटो धुरकट होतो. ते अडवायला तातेरावांनी तीस वर्षं जाळी लावली आणि अंगावर शिशाचा जड अंगरखा वागवला. "आमी केर म्हणून झाडून टाकतो, ते तुमी येचून मोजता व्हय?" असं ते म्हणाले, आणि त्यानंतर मात्र त्यांना त्या कामाचा खरोखर अभिमान वाटायला लागला.

आशाबाईंची तक्रार वेगळीच. औंढ्याजवळ आभाळातल्या लहरी पकडायचं मोठं केंद्र बांधून राहिलेत, तर साधनानं तिकडं बदली का मागू नये? ते काम वेगळं आहे, हे साधनाने चारदा सांगितलं. आशाबाईंचं म्हणणं, आभाळ एकच आहे.

या महाशिवरात्रीला साधना चार दिवस घरी आली तेव्हा मात्र ती हरवलेली होती. ताटातली भाकर तशीच राहायची. शिवरात्रीच्या दिवशी आशाबाई शेजारणींबरोबर औंढ्याला दर्शनाला गेल्या. घरात बाप-लेक दोघंच. दुपारी ओट्यावर बसून तूर निवडता निवडता ती एकदम म्हणाली, "बाबा, काहीच निघालं न्हाई."

तिच्या संशोधनाचा सगळा डोलारा एका मेलेल्या ताऱ्यावर उभा होता. यंत्राने त्याच्याकडे चोवीस दिवस टक लावून बघितलं होतं, कारण हे किरण येतात फार थोडे, आणि त्यातले काही सांगू शकणारे त्याहून थोडे. पुस्तकं म्हणत होती, या ताऱ्याच्या लाटा चांगल्या कलत्या, म्हणजे बहुतेक एकाच अंगाने हलणाऱ्या, निघतील. आकडे म्हणत होते, कल-बिल काही नाही. तातेरावांनी सवयीने आपलं ठरलेलं वाक्य सांगितलं. ती म्हणाली, ते मलाही माहीत आहे. पण पुढचं यंत्र हवं आहे. आत्ताच्या दसपट किरण गोळा करणारं, आरशांचं. त्याचा प्रस्ताव मार्चमध्ये समितीपुढे जायचा आहे. 'या ताऱ्यात काहीतरी दिसतंय, मोठं यंत्र द्या, नीट बघू' असं म्हणता आलं तर समितीला पटेल. 'काही दिसलं नाही, म्हणून मोठं यंत्र द्या' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? यंत्र मंजूर झालं तर ते बांधणाऱ्यांत तिची जागा धरलेली होती. नाही झालं तर पाच वर्षांनंतर हातात एक पदवी आणि रिकामं पान.

मग तिने लॅपटॉप आणून दोन चित्रं दाखवली. चोवीस दिवसांतले तीन दिवस सूर्याकडून आलेल्या कणांच्या वादळात बुडाले होते. ते वगळायलाच हवे होते. त्याने उत्तर बदलत नव्हतं. पण आणखी पाच दिवस वगळले की सपाट रेघ उचलली जायची आणि कल स्वच्छ दिसायचा. त्या पाच दिवसांचा दोष एवढाच की ते असले की उत्तर येत नव्हतं. असं कर म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या सरांना फक्त तीन दिवसांचं माहीत होतं. आठ सांगितले असते तरी त्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला असता, आणि तिला नेमकं तेच जड जात होतं. दोन्ही चित्रं तयार होती. गुरुवारपर्यंत एक पाठवायचं होतं.

"खोटं कधी उघडं पडंल?" तातेरावांनी विचारलं.

"मोठं यंत्र वर गेल्यावर. दहा-बारा वर्षांनी," साधना म्हणाली. "आन् तोवर मोठं यंत्र वर गेलेलं असंल, बाबा."

हा हिशेब तातेरावांना ऐकवेना. त्यांनी तिला चांगलं अर्धा तास सुनावलं. फोटोत जे आहे तेच सांगायचं, माणूस रडो की पाया पडो. आम्ही तीस वर्षं हेच केलं. एकदा हात बाटला की बाटला. तिने सगळं ऐकून घेतलं. निवडलेली तूर डब्यात भरली, सूप भिंतीला टेकवलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमचं कधी चुकलंच न्हाई, म्हणून तुमाला सोपं जाते."

तातेराव उठले आणि चपला घालून बाहेर पडले. काही काम नव्हतं. बसस्टँडवर जाऊन बसले, तीन गाड्या लागलेल्या आणि सुटलेल्या बघितल्या आणि घरी आले. खाई त्याला खवखवे म्हणतात, तशातली गत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आशाबाई पाणी भरायच्या गडबडीत असताना, त्यांनी लेकीला मागच्या अंगणात बोलावलं आणि जे एकोणतीस वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. वारंग्याकडच्या एका वाडीवरचा शिवहार नावाचा मेंढपाळ बायकोच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आला. मेंढीमागे धावताना पाय नालीत गेला होता. त्या दिवशी डॉक्टर शिबिराला गेलेले, दुसऱ्या दिवशी यायचे होते. तातेरावांनी फोटो काढला, फिल्म धुतली. हाड धडधाकट. तसं सांगितल्यावर शिवहार बाकावर बसून रडायलाच लागला. त्याचा थोरला भाऊ मसाजी आधीपासून त्याला आळशी म्हणायचा. फोटोत काही निघालं नाही तर मसाजी सगळ्या वाडीत सोंगाड्या म्हणून डंका पिटणार होता. "काहीतरी असंल सायेब, नीट बघा," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. उद्या डॉक्टरांना दाखव एवढं बोलायचं होतं. पण तातेराव तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि समोरचं माणूस रडत असलं की हातात जे असेल ते देऊन टाकावं असं वाटायचं वय होतं ते. धुताना चिमट्याने फिल्मला एक बारीक ओरखडा पडला होता. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि त्या ओरखड्यावर बोट ठेवून सांगितलं, ही बघा, बारीक चीर आहे. सहा आठवडे पाय टेकवू नका.

शिवहार हसत गेला. डॉक्टरांना दाखवायला तो परत आलाच नाही. गावच्या हाडवैद्याने कामट्या बांधल्या. ते दिवस कळप घेऊन चाऱ्यासाठी बाहेर पडायचे. मसाजीने भावाची मेंढरं वागवायला नकार दिला. कळपामागे चालायला माणूस नाही म्हणून शिवहारने सगळी मेंढरं विकली. ती पुन्हा जमली नाहीत. हे सगळं तातेरावांना वर्षभराने दुसऱ्याच एका माणसाच्या हाताचा फोटो काढताना कळलं.

 साधनाच्या लेखी बाप म्हणजे कधीही न चुकणारा माणूस होता. तो आता उरला नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि तातेरावांना ते बघवेना. शेवटी तिने एकच विचारलं.

"त्याला सांगितलं का?"

"न्हाई."

"मग मला कसं सांगून राहिले तुमी?" त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "आधी त्याला जाऊन सांगा, बाबा. तुमी ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी मी खरं चित्र पाठवते."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे वाक्य तातेरावांनी आयुष्यात शंभर जणांना ऐकवलं असेल. ते असं आपल्याच अंगणात ऐकल्यासारखं झालं. दुपारच्या गाडीने साधना नांदेडला आणि तिथून रेल्वेने बंगळूरला गेली.

शिवहार कुठे असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. वारंगा फाट्यावर त्याचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं, ट्रक थांबतात त्या अंगाला. नांदेडला जाताना तातेराव नेहमी बसच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसायचे. बुधवारी त्यांनी रजा टाकली. मंगळवार जाऊ की नको करण्यात गेला होता.

शिवहारने त्यांना लांबूनच ओळखलं. सदुसष्ट-अडुसष्टचा माणूस, उजवा पाय ओढत पुढे आला आणि बाकडं फडक्याने पुसून त्यांना बसवलं. त्याची बायको पंचफुलाबाई कढईपाशी होती. तिने पदर सावरला. शिवहारने चहा पिणाऱ्या दोन ड्रायव्हरांना सांगायला सुरुवात केली की हे बघा, हे फोटोवाले साहेब. सख्खा भाऊ मला सोंगाड्या म्हणत होता, तवा यांनी माझं मोडलेलं हाड हुडकलं. ही गोष्ट त्याने शेकडो वेळा सांगितली असावी. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं बसलेलं होतं. तेवढ्यात तातेरावांच्याही हातात चहाचा कप आला.

ड्रायव्हर गेल्यावर त्यांनी सांगितलं. आडवळण घेतलं नाही. हाड मोडलेलं नव्हतं, मी खोटं बोललो, तुमचा कळप माझ्यामुळे गेला.

शिवहार हसला. साहेब वयाने विसरले असतील, दिवसाला किती फोटो काढतात, असं म्हणाला. तातेरावांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा तो उठला, पत्र्याखालच्या फळीवरून एक पिवळी पिशवी काढली आणि तिच्यातून ती फिल्म. कडा चिकटल्या होत्या, पण हाड स्पष्ट होतं. त्याने ती उन्हाकडे धरली आणि बरोबर त्या ओरखड्यावर बोट ठेवलं. "मग ही रेघ काय हाय?"

"शिवहारभाऊ, ती रेघ हाडाच्या भायेर पण गेली हाय. बघा. हाड संपलं तरी रेघ चालूच हाय. हाडाची चीर हाडातच राहते."

शिवहारने बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग फिल्म घडी पडणार नाही अशी जपून पिशवीत घातली. "न्हाई," तो म्हणाला. "मोडलंच व्हतं. मी इतकी वर्षं लंगडून राहिलो ते काय उगंच?" आणि पिशवी फळीवर ठेवून तो गिऱ्हाइकाला पाणी द्यायला निघून गेला.

पंचफुलाबाईंनी मात्र झारा कढईच्या काठावर ठेवला होता. त्यांनी तातेरावांकडे सरळ बघितलं आणि म्हणाल्या, "साठ मेंढरं व्हती आमची." आवाज अगदी साधा.  तातेरावांनी चहाचा कप खाली ठेवला, हात जोडले आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. एकदा दिलेलं खोटं परत घ्यायला गेलं तर समोरचा ते सोडत नाही, ही अक्कल त्यांना निवृत्तीला चार महिने राहिले असताना आली.

त्यांनी तिथूनच साधनाला फोन लावला आणि झालं ते सांगितलं. त्याला पटलं नाही, आणि आता कधीच पटणार नाही, हेही सांगितलं. मग म्हणाले, "आता तुझं तू पाठव, बाई. खरं ते."

 "पाठवलं, बाबा. काल सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या. तीनच दिवस वगळले. काही आढळलं नाही, असं लिहिलं."

तातेरावांना नीट समजायला वेळ लागला. "आन् ते यंत्र?"

सरांनी चित्र बघितलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं त्याहून हा कल फारच कमी निघाला, म्हणजे पुस्तक तपासावं लागेल, असं ते म्हणाले होते. प्रस्ताव पुढे ढकलावा लागेल, असंही म्हणाले. वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. तिच्या जागेचं कोणी काही बोललं नव्हतं.

"पाठवलंच व्हतं, तर मला काहून इथं लावलं?"

"तुमी एकोणतीस वर्षं कोणाला सांगितलं न्हाई, आन् मला सांगितलं," साधना म्हणाली. "तवा वाटलं, तुमाला तिथं जायचं हाय. मी तसं म्हणलं नसतं तर तुमी गेले नसते."

तातेरावांचे डोळे भरून आले, आणि भर रस्त्यात, ट्रकांच्या धुरळ्यात, त्यांनी ते पुसलेही नाहीत. कळमनुरीची बस आली. कंडक्टर ओळखीचा, त्याने दार उघडं धरलं आणि चला म्हणाला. तातेरावांनी त्याला हातानेच पुढे जायला सांगितलं. पंचफुलाबाई बोलल्या होत्या त्याला त्यांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. ते मागे वळले आणि हॉटेलकडे चालू लागले.